आधी सांता लाउरा, मग हंबरस्टोन

चिलीच्या उत्तर टोकाला, इकिके शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर आटाकामाच्या वाळवंटात सोरा, म्हणजे सोडियम नायट्रेट, काढण्यासाठी वसवलेल्या दोन ओसाड वसाहती आहेत. एक हंबरस्टोन, दुसरी तिथून दोनेक किलोमीटरवरची सांता लाउरा. दोन्हींना तिकीट एकच. येणारे बहुतेक लोक आधी हंबरस्टोन बघतात, कारण तिथं नाट्यगृह आहे, पोहण्याचा तलाव आहे, फोटो काढायला रंगीत दारं आहेत. सांता लाउरापर्यंत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, पाय दुखत असतात, मग लांबूनच धुराड्याचा फोटो काढून मंडळी परततात. आम्ही उलट केलं आणि तेच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. गाव कशासाठी वसलं ते कळल्याशिवाय गावातलं नाट्यगृह बघून काही उपयोग नाही.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बागायतदारांच्या एका गटाबरोबर तिकडच्या द्राक्षबागा बघायला गेलो होतो. गट परत निघाला तेव्हा मी मागं राहिलो, कारण भाचा सांतियागोला नोकरीला आहे. त्याला म्हटलं, मला सोऱ्याच्या खाणी बघायच्यात. तो म्हणाला, "मामा, लोक इथं येऊन बर्फाचे डोंगर बघतात." मी म्हटलं, बर्फ फुकट दाखवलास तरी नको. त्यामागं कारण होतं. कृषी महाविद्यालयात खतांच्या धड्यात एक ओळ असायची: सोडियम नायट्रेट, म्हणजे चिली सॉल्टपीटर, नत्र १६ टक्के. परीक्षेला एका मार्काला विचारायचे. त्या एका मार्कामागं जगातलं एक अख्खं वाळवंट, एक लढाई आणि दोनशेहून जास्त वसाहती आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

विमानानं इकिकेला उतरलो. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर बसलंय. जुन्या भागातल्या बाकेदानो रस्त्यावर लाकडी फरसबंदी आणि लाकडी खांबांची घरं आहेत. इथं लाकूड होणार कुठून, झाडच नाही. सोऱ्याच्या पैशानं ते लाकूड उत्तर अमेरिकेतून जहाजानं आलं. ही पाइनची घरं पुढं हंबरस्टोनलाही दिसतात. इकिकेत जकातमुक्त बाजारपेठ आहे, त्यामुळं सिंधी व्यापारीही पुष्कळ. एका दुकानात हिंदी ऐकू आलं तेव्हा भाच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. त्या दुकानदारानं डाळभाताची सोय सांगितली आणि वर सल्ला दिला की दुपारी वरच्या माळावर वारा सुटतो, सकाळी लवकर निघा.

बाजारपेठेच्या बाजूनं पोझो अल्मोन्तेकडं जाणाऱ्या लहान बस आणि वाटून घ्यायच्या टॅक्सी मिळतात. वाहनानं वळणं घेत भिंतीसारखा डोंगर चढला की आल्तो ओस्पिसिओ लागतं, आणि त्याच्यापुढं काहीच नाही. मी जत, आटपाडीचा दुष्काळ बघितलाय. तिथं निदान बाभूळ असते, निवडुंग असतो, करपलेलं गवत असतं. इथं गवताची काडी नाही. मैलोन्मैल तपकिरी जमीन, आणि तीही उकरून ठेवलेली, ढेकळांचे ढीग टाकलेली. भाचा म्हणाला, नांगरलेलं वाटतंय. नांगरलेलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी सुरुंग लावून माणसांनी हातानं खणलेले ते खड्डे आहेत, आणि पाऊसच नसल्यानं ते जसेच्या तसे राहिलेत.

हा पाऊस नसणं हेच सगळ्याचं मूळ. नायट्रेट पाण्यात चटकन विरघळतं. आपल्याकडं जमिनीत नायट्रेट असलं तरी एका पावसात वाहून जातं किंवा खोल मुरतं. नत्राची खतं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात ती त्यामुळंच. आटाकामात लाखो वर्षं ते धुऊनच गेलं नाही. वरच्या मातीखाली मीठ, नायट्रेट, सल्फेट आणि थोडं आयोडीन यांचा कडक थर साचत राहिला. त्याला कालिचे म्हणतात. हातात घेतला तर मळकट खडा. आमच्या शिवारात असा खडा सापडला असता तर बांधावर फेकून दिला असता.

सांता लाउराच्या फाट्यावर उतरलो तेव्हा आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. दारावरच्या माणसानं तिकिटं तपासली, नकाशाचा कागद दिला आणि बोटानं सांगितलं की आधी व्यवस्थापकाचं घर, मग कारखाना. व्यवस्थापकाच्या घरात आता छोटं संग्रहालय आहे. जुनी यंत्रं, फोटो, भांडी, कपडे. ते भराभर बघून आम्ही बाहेर पडलो, कारण समोर उभा असलेला कारखाना डोळ्यासमोरून हलेना.

लाकडाच्या उंच खांबांवर उभा असलेला, पत्र्यानं अर्धवट झाकलेला हा सांगाडा. एका बाजूला दगड फोडायची चक्की, वर तिरका पट्टा, मधोमध लोखंडी टाक्यांची रांग, खाली पसरट उथळ हौद, आणि पलीकडं एकटं उभं धुराडं. सोरा काढायचे असे कारखाने या माळावर गावोगाव होते. उभा राहिलेला असा हा एकच, बाकीचे भंगारात गेले. दोरी बांधून ठेवलेली आहे, वर चढू देत नाहीत. खालूनच मान वर करून बघायचं. वाऱ्यानं एखादा पत्रा वाजतो तेवढाच आवाज.

मला यंत्रं कळतात असं नाही, पण ही रीत समजली, कारण गुऱ्हाळात काहिलीजवळ बसून मी वाढलोय. काम असं चालायचं. खाणीतून आणलेला कालिचे चक्कीत फोडायचा आणि त्या मोठ्या टाक्यांत भरायचा. टाकीला काचुचो म्हणत. टाकीच्या आत वाफेच्या नळ्या. त्यात पाणी, खरं म्हणजे आधीच्या वेळचं उरलेलं खारं पाणी सोडून ते उकळायचं, आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरवत न्यायचं म्हणजे ते जास्तीत जास्त नायट्रेट सोबत घेतं. यातली खुबी अशी की सोडियम नायट्रेट थंड पाण्यापेक्षा उकळत्या पाण्यात दुपटीहून जास्त विरघळतं, आणि साधं मीठ मात्र गरम काय, थंड काय, जवळपास तेवढंच. त्यामुळं गरम पाणी भरपूर नायट्रेट घेऊन बाहेर पडतं, बरंचसं मीठ आणि माती मागं टाकीतच राहतात. हे पाणी उघड्या पसरट हौदांत सोडायचं. वाळवंटातली रात्र गार, पाणी निवतं, आणि तळाला नायट्रेटचे पांढरे खडे धरतात. ते फावड्यानं ओढून वाळवायचे, गोणीत भरायचे. उरलेलं पाणी पुन्हा टाक्यांकडं. त्याच पाण्यातून वेगळी प्रक्रिया करून आयोडीनही काढत.

ही रीत मुळात इंग्लंडातल्या सोड्याच्या कारखान्यांत जेम्स शँक्सनं वापरली होती. जेम्स थॉमस हंबरस्टोन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञानं ती १८७० च्या दशकात इकडच्या सोऱ्याला लावली. त्याआधी उघड्या चुलीवर कढया ठेवून काम चालायचं, आणि त्यासाठी माळावरची तामारुगोची झाडं तोडली जायची. आज जिथं झाड दिसत नाही, त्यातल्या काही भागात एके काळी रान होतं.

कागदावर ही रीत सुबक आहे. टाकीशेजारी उभं राहिल्यावर ती सुबक वाटत नाही. पाणी काढून घेतल्यावर टाकीत उरलेला गाळ, त्याला रिपिओ म्हणत, बाहेर काढायला माणसं टाकीत उतरायची. लोखंड तापलेलं, गाळ तापलेला, वाफ अजून निघतेय. टाकी गार व्हायची वाट बघणं कंपनीला परवडत नव्हतं, कारण पुढची भरती तयार असायची. फावड्यानं तो गाळ तळाच्या झडपेतून खालच्या गाड्यात लोटायचा. सगळ्या कामांत हे काम सर्वांत वाईट समजलं जायचं आणि तरुण माणसंच ते करायची. सांता लाउराच्या मागं जी काळपट टेकडी दिसते ती टेकडी नाही. तो हाच गाळ. अनेक वर्षं फावड्यानं उपसलेला.

आणि टाकीच्या वर काम करणारे होते त्यांचा तोल गेला की उकळत्या पाण्यात. अशी माणसं मेली, एकदा नव्हे. म्हणून डिसेंबर १९०७ मध्ये सोऱ्याच्या माळावरचे हजारो कामगार बायकापोरांसह चालत, रेल्वेनं इकिकेला उतरले तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक मागणी होती: टाक्यांवर लोखंडी जाळ्या बसवा. आणखी काय मागितलं होतं त्यांनी? मजुरी पडत्या चलनात न देता ठरावीक भावानं द्या. दुकानाबाहेर वजनकाटा ठेवा, म्हणजे माल बरोबर तोलून मिळतो की नाही ते कळेल. बाहेरच्या व्यापाऱ्यांना वसाहतीत येऊ द्या. रात्रशाळेला जागा द्या. मी यादी दोनदा वाचली, क्रांतीची भाषा मला त्यात कुठंच दिसली नाही. २१ डिसेंबर १९०७ ला इकिकेच्या सांता मारिया शाळेत थांबलेल्या या लोकांवर जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्दच्या हुकुमानं सैन्यानं गोळीबार केला. किती मेले यावर आजही एकमत नाही. आकडे शेकड्यांपासून दोन हजारांच्या वरपर्यंत जातात. चिलीबरोबरच पेरू आणि बोलिव्हियाचे लोकही त्यात होते.

भाचा त्या टाक्यांकडं बघत म्हणाला, "जाळी बसवायला कितीसा खर्च येणार होता, मामा?" मला उत्तर देता आलं नाही. विषय खर्चाचा नव्हताच बहुतेक.

तिथून हंबरस्टोनला आम्ही हमरस्त्याच्या कडेनं चालत गेलो. टोपी आणि पाणी असेल तर जमतं, पण ट्रक जवळून जातात, मुलं बरोबर असतील तर वाहनच करा.

हंबरस्टोनमध्ये शिरलं की पहिल्यांदा वाटतं, अरे, हे तर बरं गाव आहे. मधोमध चौक, त्यात झाडं. भोवती नाट्यगृह, हॉटेल, बाजार, चर्च, आणि कंपनीचं मोठं दुकान. रस्ते सरळ, घरांच्या रांगा आखून काढल्यासारख्या. १९४० च्या सुमारास इथं साडेतीन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आज दिसतं त्यातलं बरंचसं त्या शेवटच्या काळातलं आहे. मूळ वसाहतीचं नाव ला पाल्मा, आणि ती वसली तेव्हा हा मुलूख चिलीचा नव्हताच, पेरूचा होता. सांता लाउराही १८७२ ची, पेरूच्याच काळातली. १८७९ साली चिली एका बाजूला, पेरू आणि बोलिव्हिया दुसऱ्या बाजूला अशी लढाई जुंपली, आणि ती संपली तेव्हा सोऱ्याचा सगळा पट्टा चिलीकडं आला होता. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा त्याच लढाईत गेला. पुढं कारखाने मोठ्या प्रमाणात इंग्रज भांडवलदारांच्या हातात गेले. जॉन थॉमस नॉर्थ नावाच्या एकाला तर लोक सोऱ्याचा राजा म्हणायचे.

कंपनीचं दुकान, पुल्पेरिया, हे माझ्या मते हंबरस्टोनमधलं सर्वांत महत्त्वाचं घर. आत मोठे दालन, फळ्या, काउंटर, वजनकाटे, गिऱ्हाइकांचे पुतळे उभे केलेत. मांस एकीकडं, भाकरी एकीकडं, कापड एकीकडं. पुतळ्यांचं काम जरा जत्रेतल्यासारखं झालंय, ते नसते तरी चाललं असतं. पण काचेखाली ठेवलेले बिल्ले बघण्यासारखे आहेत. फिचा म्हणतात त्यांना. पितळेचे, कचकड्यासारख्या कडक रबराचे, वेगवेगळ्या रंगांचे, प्रत्येकावर त्या त्या वसाहतीचं नाव. अनेक वर्षं मजुरी या बिल्ल्यांत मिळायची, आणि बिल्ला चालायचा तो त्याच वसाहतीच्या दुकानात. पलीकडच्या वसाहतीत त्याला किंमत नाही, इकिकेत नाही. म्हणजे कंपनी एका हातानं मजुरी द्यायची आणि दुसऱ्या हातानं तीच मजुरी भाकरीच्या बदल्यात परत घ्यायची, भाकरीचा भावही तीच ठरवायची. दुकानाबाहेर वजनकाटा ठेवा ही मागणी इथं उभं राहिल्यावर पुरती कळते. म्हणून सांगतो, आधी टाक्या, मग दुकान. उलट क्रमानं बघितलं तर हे फक्त जुन्या काळचं एक छान दुकान दिसतं.

नाट्यगृह १९३० च्या दशकातलं. आता दुरुस्त केलंय, आत लाकडी खुर्च्यांच्या रांगा, पडदा, रंगमंच. आम्ही मागच्या रांगेत बसलो, गार वाटलं. हिंडत्या नाटक कंपन्या, संगीताचे जलसे, चित्रपट असं सगळं इथं व्हायचं. पलीकडं पोहण्याचा तलाव आहे, तो सिमेंटचा नाही, रिव्हेट ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांचा आहे, एखाद्या बोटीचा तळ उलगडून बसवावा तसा. बुडालेल्या जहाजाचं लोखंड आणून तो केला असं तिथं सांगतात. उडी मारायची फळी आहे, बघ्यांसाठी लाकडी पायऱ्या आहेत. पाणी अर्थातच नाही.

तलाव आणि नाट्यगृह दोन्ही आले ते १९३० नंतर, आणि त्याचं कारण माणुसकीपेक्षा अडचण हे होतं. तोवर धंदा बुडायला लागला होता. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशनं ते काम कारखान्याच्या मापात आणलं आणि १९१३ मध्ये ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी महायुद्ध. सोरा खताला लागतो तसा दारूगोळ्यालाही लागतो, आणि इंग्रजी आरमारानं चिलीहून जर्मनीला जाणारी वाट अडवलेली. जर्मनीनं हवेतूनच नत्र काढलं. युद्ध संपल्यावर ती विद्या जगभर गेली. १९२९ च्या मंदीनं उरलंसुरलं संपवलं. दिवाळं निघालेल्या दोन्ही वसाहती १९३४ साली एका नव्या कंपनीनं घेतल्या, ला पाल्माला हंबरस्टोनचं नाव दिलं, आणि माणसं टिकून राहावीत, संप होऊ नयेत म्हणून गाव सजवलं. काही वर्षं जमलंही. १९६० साली दोन्ही बंद झाल्या.

इथं मला माझ्या शेतातला युरिया आठवला. दर हंगामाला त्याच्या गोण्या येतात, रांगेत उभं राहून आणतो, कधी तुटवडा पडतो म्हणून बोंब मारतो. तो युरिया हाबरच्याच अमोनियापासून होतो. या गावाचा जीव त्यानं घेतला असं म्हटलं तर खोटं नाही. पण गोष्ट तिथं संपत नाही. मणी फुगवणीच्या वेळी आम्ही ठिबकमधून १३:००:४५ सोडतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पंचवीस किलोची गोणी, किंमत ऐकून घाम फुटतो. माझ्याकडं आलेल्या एका गोणीवर मूळ देश चिली असं छापलेलं होतं. कालिचे अजूनही निघतो, हंबरस्टोनच्या दक्षिणेला, फक्त आता माणसांऐवजी यंत्रं खणतात आणि उकळायचं कामही तसं राहिलं नाही. जगात सर्वांत जास्त आयोडीन आजही चिलीच काढतो, तेही याच थरातून. धंदा मेला नाही, त्या रीतीचा धंदा मेला. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग गोणीवर गावाचं नावही छापायला पाहिजे. छापलं तर वाचणार कोण, हा प्रश्न आहेच.

कामगारांच्या घरांच्या रांगांत आम्ही बराच वेळ फिरलो. दुरुस्त केलेला चौक एक, आणि या रांगा एक. इथं फारसं कुणी हात लावलेला नाही. कुटुंबवाल्यांना दोन-तीन खोल्या, एकट्या माणसांना वेगळ्या रांगेत बारक्या खोल्या. छपराला पत्रा; दुपारी आत काय होत असेल ते उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं, आणि रात्री तोच पत्रा गारठवतो. एका खोलीच्या भिंतीला अजून वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले आहेत, वारा आत येऊ नये म्हणून. शाळेत बाकं जागेवर आहेत. एका घरात मुलांची खेळणी मांडलीत: डब्याचा पत्रा आणि तार यांपासून केलेल्या गाड्या. चाकं डब्याच्या झाकणांची. आम्ही लहानपणी असल्या गाड्या केल्यात, त्यामुळं मी तिथून हललो नाही, भाच्याला शेवटी हाक मारावी लागली.

आता दुरुस्तीबद्दल, कारण आमचा वाद त्यावरच झाला. वसाहत बंद पडल्यावर यंत्रं, पत्रा, लाकूड, तांब्याच्या तारा, जे विकता येईल ते भंगारात गेलं. १९७० मध्ये सरकारनं दोन्ही ठिकाणांना राष्ट्रीय स्मारक ठरवलं, पण ठरवल्यानं पत्रा गंजायचा थांबत नाही. समुद्राकडून येणारं कामांचाका नावाचं खारं धुकं लोखंड खातं, वाळवी पाइन खाते, आणि भूकंप तर तिकडं नेहमीचेच. ज्यांचं बालपण इथं गेलं त्या पाम्पिनो लोकांनी आणि त्यांच्या मुलांनी संस्था काढली, जागा ताब्यात घेतली आणि घर घर करत दुरुस्ती सुरू केली. २००५ साली युनेस्कोनं दोन्ही वसाहतींना जागतिक वारसा म्हणून नोंदवलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं. इमारती कधी कोसळतील याचा भरवसा नव्हता. खांब सावरले, पहारा बसवला, यंत्रांची डागडुजी केली, तेव्हा २०१९ मध्ये त्या यादीतून नाव निघालं. सांता लाउराच्या कारखान्याला दिलेले नवे टेकू नजरेला येतात, लपवलेले नाहीत, हे मला आवडलं.

भाच्याचं म्हणणं असं की चौक फारच नीटनेटका केलाय. रंग दिले, पुतळे उभे केले, त्यामुळं माणसं इथं सुखानं नांदत होती असं वाटतं. त्यात तथ्य आहे. गाळ उपसणाऱ्या माणसाचा पुतळा आम्हाला कुठं दिसला नाही, भाकरी विकत घेणाऱ्या बाईचा मात्र दिसला. पण मी त्याला म्हटलं, ज्यांनी हे दुरुस्त केलं त्यांना टाक्या ठाऊक नव्हत्या असं समजू नकोस. त्यांचे बाप त्यात उतरलेत. त्यांनी नाट्यगृह आधी दुरुस्त केलं, कारण त्यांच्या आठवणीत राहिलेलं गाव तेच होतं, रविवारचं. दर नोव्हेंबरला सोऱ्याचा आठवडा साजरा होतो तेव्हा ही मंडळी पुन्हा इथं जमतात, चौकात बँड वाजतो. आपल्या मनातलं गाव त्यांनी उभं केलंय. कारखान्याचं गाव बघायला सांता लाउरा आहेच. तो म्हणाला, पण लोक तिकडं जात नाहीत ना. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून हा क्रमाचा सल्ला इतक्या आग्रहानं देतोय.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सकाळी दार उघडायच्या वेळी पोचा. दोन्ही मिळून चार-पाच तास धरा. घाईचं असेल तर हंबरस्टोनमधला हॉटेलचा भाग आणि चर्च सोडलं तरी चालेल, टाक्या, दुकान आणि कामगारांच्या रांगा सोडू नका. पाणी माणशी दोन लिटर. पायांत बूट हवेत, चपला नकोत. जमिनीवर गंजके खिळे आणि पत्र्याचे तुकडे पुष्कळ. माहितीच्या पाट्या स्पॅनिशमध्ये भरपूर, इंग्रजीत कमी, तेव्हा मोबाइलवर भाषांतराची सोय आधीच उतरवून ठेवा. काही उचलून आणू नका, बिल्ले तर नाहीच. परतीला ठरावीक थांबा असा नाही. हमरस्त्याच्या कडेला उभं राहून इकिकेकडं जाणाऱ्या बसला हात करायचा. आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं, तेवढ्या वेळात भाच्यानं आमचा वाद पुन्हा सुरू केला आणि बस आली तरी तो मिटला नव्हता.